स्नायूंच्या आरोग्यावर मिळून संशोधन करायचंय? विद्यापीठ, कॉलेज आणि हॉस्पिटलवाल्यांचे ग्रँटबद्दलचे नेहमीचे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यापीठ विभागांतल्या, फिजिओथेरपी आणि मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांसाठी आहे. लाइफ सायन्सवाले, न्यूरॉलॉजीवाले, स्पोर्ट्स सायन्सवाले सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. शेवटचा प्रश्न पालकांचा आहे, तो मुद्दाम ठेवलाय.

स्नायूंचं आरोग्य म्हणजे यात नक्की काय काय येतं?

खूप काही येतं आणि म्हणूनच प्रपोजलमध्ये पहिल्याच पानावर सांगावं लागतं की आपण कुठल्या टोकाचं बोलतोय. एका टोकाला आनुवंशिक आजार, म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी, मुलग्यांचे स्नायू लहानपणापासून झिजवणारा आजार), लिंब गर्डल (खांदे-कंबरेचे स्नायू आधी कमजोर होतात तो), एसएमए (मज्जारज्जूतल्या पेशी झिजून स्नायू कमजोर होतात तो) वगैरे. दुसऱ्या टोकाला सार्कोपेनिया, म्हणजे वयोमानानुसार स्नायू आणि ताकद दोन्ही कमी होणं, ज्याला आपल्याकडे घरात 'वय झालं आता' म्हणून सोडून देतात. मध्ये डायबेटिसमधले स्नायू, आयसीयूमधून बाहेर आलेल्या पेशंटची कमजोरी, कॅन्सरमध्ये झडणारं वजन, खेळाडूंच्या इंज्युरी. अगदी अंतराळसुद्धा येतं, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले तेव्हा बंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेचा स्नायूपेशींवरचा प्रयोग सोबत होता. पण 'मसल हेल्थ' असं मोघम नाव देऊन सगळंच करतो म्हणालात तर रिव्ह्यूअर पहिल्या पानावरच वाचायचं थांबवतो.

एकट्याने करता येत नाही का, कोलॅबोरेशनच कशाला?

येतं की, पण लवकर अडतं. पेशंट हॉस्पिटलकडे, ताकद मोजायचं कसब फिजिओकडे, जीन आणि प्रोटीनचं काम विद्यापीठाच्या लॅबकडे, आणि आकडेमोड कळणारा माणूस चौथ्याच ठिकाणी. आपल्याकडे ज्या कामांची जगात दखल घेतली गेली ती सगळी अशी मिळूनच झालीत.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधलं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम घ्या. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला, इंग्लंडमधले साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा. त्यातून दिसलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. 'थिन-फॅट' बाळ म्हणतात ते हेच आणि पुढच्या डायबेटिसचं बोलणं या स्नायूंपासूनच सुरू होतं. हे पुण्यातल्या एका लॅबला किंवा साउदॅम्प्टनच्या एका विभागाला एकट्याने कधीच दिसलं नसतं, कारण तुलना करायला दोन्हीकडची बाळं एकाच पद्धतीने मोजलेली लागतात.

दुसरं उदाहरण मुंबईचं. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. सतीश खाडिलकर आणि मुंबईतले सहकारी यांच्याकडे अगरवाल समाजातले लिंब गर्डलचे पेशंट येत होते, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे जेनेटिक्सची ताकद होती, आणि २०१३ मध्ये कॅल्पेन-३ जीनमधली पूर्वजांकडून आलेली ठराविक म्युटेशन्स (जीनमधले बदल) समोर आली. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरच्या लक्षात आलं नसतं की हे एकाच समाजातले लोक परत परत येतायत, तर लॅबला शोधायचं काय तेच कळलं नसतं.

पैसे देतं तरी कोण?

पेशंटवरचं काम असेल तर पहिला दरवाजा आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद. तिथे एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांना द्यायच्या) ग्रँटच्या कॉलमध्ये आधी छोटी कन्सेप्ट मागतात, ती पास झाली की मग सविस्तर प्रपोजल. पेशी, माशी, उंदीर, बायोमेकॅनिक्स असं मूलभूत काम असेल तर एएनआरएफ, म्हणजे २०२३ च्या कायद्याने आलेली केंद्राची संशोधनाला पैसे देणारी संस्था, हेच काम करणारी जुनी एसईआरबी तिच्यातच विलीन झाली. तिची 'पेअर' नावाची स्कीम आपल्यासारख्या राज्य विद्यापीठांनी बघण्यासारखी आहे, त्यात एक मोठी संस्था हब आणि बाकीची विद्यापीठं स्पोक, म्हणजे कोलॅबोरेशन हाच त्या स्कीमचा पाया. डीबीटी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे, डीबीटी आणि वेलकमची इंडिया अलायन्स आहे जी टीमसाठी पण ग्रँट देते, परदेशी विद्यापीठाबरोबर करायचं तर शिक्षण मंत्रालयाची स्पार्क आहे. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे.

आणि आपल्या विद्यापीठाचं सीड मनी, म्हणजे सुरुवातीला मिळणारे थोडे पैसे. रक्कम लहान असते म्हणून लोक नाक मुरडतात, पण माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं याच पैशावर काढावीत. पायलट डेटा (आधीच्या छोट्या अभ्यासातले आकडे) नसेल तर मोठ्या ग्रँटला अर्ज करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आमचं साधं संलग्न कॉलेज आहे, आम्हाला कोण देणार?

देतात. फक्त पीआय (प्रोजेक्टचा मुख्य संशोधक) कायम नोकरीत असावा लागतो आणि खासगी संस्था असेल तर डीएसआयआर या केंद्रीय विभागाची एसआयआरओ (संशोधन संस्था म्हणून) मान्यता बऱ्याच ठिकाणी मागतात, ती नसेल तर आजच मॅनेजमेंटच्या मागे लागा. ती होईपर्यंत विद्यापीठाच्या विभागाला पीआय करून तुम्ही को-पीआय व्हा. यात कमीपणा काही नाही, पण को-पीआयचं बजेट वेगळं दाखवलेलं असलं पाहिजे, तुमच्या कॉलेजच्या नावाने. नाहीतर पेशंट तुमचे, मेहनत तुमची आणि तपासणीची स्ट्रिप घ्यायलासुद्धा दुसऱ्याच्या सहीची वाट बघायची असं होतं.

पायलट डेटा आणायचा कुठून, पैसेच नाहीत तर?

लासी बघितलाय का? लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे, त्यांनी हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर केला, पैसा आरोग्य मंत्रालयाचा, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएफपीएचा. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून जास्त लोक, वय ४५ आणि पुढे, आणि त्यात हाताच्या पकडीची ताकद प्रत्यक्ष मोजलेली आहे. डेटा संशोधकांना अर्ज करून मिळतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांच्या पकडीवर काम करून पहिला पेपर काढता येतो. स्टॅटिस्टिक्सच्या विभागातल्या एखाद्या हुशार एमएस्सीच्या मुलीला हाताशी घ्या, कोलॅबोरेशन तिथूनच सुरू होतं.

बजेटमध्ये लोक सगळ्यात जास्त काय विसरतात?

फिजिओथेरपिस्टचा पगार आणि पेशंटचा प्रवास. हे मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगते आणि तरी दर वेळी हेच निघतं. मशीनचं कोटेशन तीन कंपन्यांचं जोडलेलं असतं, किट्सची यादी दोन पानी असते, आणि ज्या माणसाने प्रत्येक मुलाला जमिनीवरून उठायला लावून सेकंद मोजायचे आहेत त्याच्यासाठी शून्य, कारण 'कॉलेजचे इंटर्न करतील'. इंटर्न सहा महिन्यांत जातात. नॉर्थ स्टार नावाची डीएमडीच्या मुलांची जी चाचणी आहे तिच्यात १७ कृती आणि ३४ गुण, उभं राहणं, पायरी चढणं, उडी, टाचांवर उभं राहणं. एक, दोन का शून्य हे ठरवायला शिकलेली नजर लागते आणि तीच नजर तीन वर्षं टिकावी लागते, माणूस बदलला की मुलगा सुधारला का मोजणारा बदलला हेच कळत नाही. म्हणून प्रोजेक्ट स्टाफमध्ये फिजिओची पोस्ट टाका, पूर्ण काळाची.

आणि प्रवास. व्हीलचेअरवरच्या १४ वर्षांच्या मुलाला एसटीने आणता येत नाही, गाडी करावी लागते, बापाची एक दिवसाची मजुरी जाते, सोबत उचलायला अजून एक माणूस लागतो. हे सगळं धरून प्रत्येक भेटीचा खर्च लिहा, जेवणासकट. एथिक्स कमिटीला प्रवासखर्च देण्यात काही गैर वाटत नाही, फक्त रक्कम आमिष वाटेल इतकी नको. ही ओळ नसली की दुसऱ्या भेटीला पेशंट येत नाहीत, आणि मग रिपोर्टमध्ये 'लॉस टू फॉलोअप' लिहिलं जातं, जणू दोष त्यांचाच.

जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोला, महिन्याला किती धरायचे?

डीएसटी म्हणजे केंद्राच्या विज्ञान विभागाच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) ४२,०००, एचआरए वेगळा. आयसीएमआरची प्रोजेक्ट स्टाफची पदं आणि पगार वेगळे आहेत, त्यांचा तक्ता बघून भरा.

दोन-तीन सेंटर आहेत, मोजमाप एकसारखं कसं ठेवायचं?

हा प्रश्न ग्रँट मिळाल्यावर नाही, लिहिताना सोडवायचा. पकडीची ताकद घ्या. आशियाई सार्कोपेनिया गटाचे २०१९ चे निकष आहेत: पुरुषात २८ किलोच्या खाली आणि बायकांत १८ किलोच्या खाली असेल तर पकड कमी. ऐकायला सोपं आहे. पण जमारचं डायनॅमोमीटर (पकड मोजायचं यंत्र) असेल तर खुर्चीवर बसवून कोपर ९० अंशात, आणि स्मेडली असेल तर उभं करून हात सरळ. आता सांगलीच्या कॉलेजकडे जमार आहे, नाशिककडे स्मेडली, दोघांनी आपापल्या पद्धतीने दोनशे-दोनशे लोक मोजले, तर ते चारशे होत नाहीत, ते दोन वेगळे अभ्यास होतात. त्यामुळे सगळ्या सेंटरला एकच मॉडेल एकाच ऑर्डरमध्ये घ्या, कॅलिब्रेशनचा खर्च दरवर्षी धरा, आणि पहिल्या महिन्यात सगळ्या मोजणाऱ्यांना एका ठिकाणी बसवून एकमेकांची पकड मोजायला लावा. चालण्याचा वेग असेल तर वळण कुठे, घड्याळ कधी सुरू, चप्पल घालून का अनवाणी, सगळं लिहून ठेवायचं. आपल्या आजी चप्पल काढूनच चालतात, तर मग सगळीकडे अनवाणीच ठरवा.

बायोप्सी करणार आहोत, त्यासाठी वेगळं काही?

हो, नायट्रोजन. स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की एन्झाइमचे स्टेन संपले, आणि थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवला तर आत बर्फाचे कण होऊन पेशींत भोकं पडतात. आयसोपेंटेन नायट्रोजनने गार करून त्यात गोठवायचा असतो, आणि ऑपरेशन थिएटरपासून लॅबपर्यंत सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये न्यायचा, सलाइनमध्ये बुडवून नाही. म्हणजे बायोप्सीच्या दिवशी लॅबचा माणूस थिएटरबाहेर उभा हवा. तो कोण, त्याचा प्रवास कोण देणार, डब्यातला नायट्रोजन उडून जातो तर दर आठवड्याला भरणार कोण, सुट्टीत काय, हे एमओयूमध्ये (दोन संस्थांमधल्या करारात) लिहा. फार किरकोळ वाटतं, पण तुकडा खराब झाला तर त्या मुलाला परत टाके घालायला सांगायचं तोंड आपल्याला नसतं. आणि हल्ली बऱ्याच केसेसमध्ये आधी रक्तावरची जेनेटिक टेस्ट होते, डीएमडीत एमएलपीए नावाची, त्यातच निदान झालं तर बायोप्सीची गरजच पडत नाही. फक्त रिसर्चसाठी बायोप्सी मागत असाल तर कारण फार पक्कं लागतं.

एथिक्स एका ठिकाणी घेतलं की चालतं का?

बहुतेक वेळा नाही, प्रत्येक सेंटरची कमिटी लागते. कमी जोखमीच्या अभ्यासात आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे एकत्र रिव्ह्यूची सोय आहे, पण सगळ्या संस्था कबूल झाल्या तर. लहान मुलं असतील तर पालकांची संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची मान्यता, ७ ते १२ तोंडी आणि १२ ते १८ लेखी. फॉर्म मराठीत करताना कृपा करून पुस्तकी भाषा टाळा, 'स्नायूऊतकाचा नमुना' लिहून आईला काय कळणार, 'मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा' लिहा. व्यायामाचा किंवा औषधाचा ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीत नोंदणी, नंतर करता येत नाही. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांच्या कमिटीचं वेगळं.

परदेशी विद्यापीठ पैसे द्यायला तयार आहे, घ्यायचे ना?

जरूर घ्या, पण आधी तीन गोष्टी. पहिली, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. संस्थेची नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे एका ट्रस्टच्या खात्यात घेऊन तिथून सगळ्या पार्टनरना वाटू हे जमणार नाही, ज्याला हवे त्याने थेट घ्यायचे. प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांच्या आत. कायद्याने झालेल्या संस्थांना, ज्यांचं ऑडिट कॅगकडून होणं बंधनकारक आहे त्यांना सूट आहे, आपलं विद्यापीठ त्यात बसतं का हे फायनान्स ऑफिसरकडून लेखी घ्या, तोंडी नको.

दुसरी, एचएमएससी. परदेशी पैसा किंवा परदेशी पार्टनर असलेलं आरोग्य संशोधन या आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडून जातं, कागद आयसीएमआरकडे द्यायचे. रक्त किंवा डीएनए बाहेर पाठवायचं असेल तर ट्रान्स्फर अॅग्रीमेंट पण. माझं मत विचाराल तर सॅम्पल इथेच राहू दे आणि डेटाची देवाणघेवाण करा, इथल्या पोरांना इथेच सिक्वेन्सिंग शिकू दे. ब्रिटनच्या एमआरसी या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशावर लंडनच्या यूसीएलने स्नायू आणि नसांच्या आजारांचं जे आंतरराष्ट्रीय जीनोमिक्स सेंटर उभं केलं, त्यात दिल्लीचं एम्स आणि बंगळुरूचं निमहान्स आहेत, आणि त्यात भागीदार देशांतल्या डॉक्टरांना तयार करणं हा कामाचाच भाग आहे. मागायचं तर असं मागा.

तिसरी, अमेरिकेचा पैसा. मे २०२५ मध्ये एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने परदेशी सबअवॉर्डची (ग्रँटमधून परदेशी पार्टनरला द्यायच्या वाट्याची) जुनी पद्धत थांबवून नवी रचना आणायचं जाहीर केलं. तिकडच्या प्रोफेसरच्या ग्रँटमध्ये 'सब' म्हणून बसायचा जो जुना रस्ता होता त्यावर पूर्ण प्लॅन उभा करू नका.

सँक्शन लेटर आलं, आता काय?

आता अकाउंट सेक्शनशी मैत्री. हल्ली केंद्राच्या बहुतेक ग्रँटमध्ये पैसा खात्यात येऊन पडत नाही, खर्चाची मर्यादा येते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. म्हणजे मशीनची ऑर्डर फेब्रुवारीत काढून बिल एप्रिलमध्ये आलं की अडकलात. प्रत्येक पार्टनरचं यूसी (पैसे कसे वापरले याचं प्रमाणपत्र) वेगळं, फॉर्म १२-ए, आणि एका पार्टनरचं राहिलं तर पुढचा हप्ता सगळ्यांचाच थांबतो. हे फार मनाला लागतं, कारण थांबतो तो जेआरएफचा पगार. दर तीन महिन्यांनी सगळ्या सेंटरच्या अकाउंटंटची एक ऑनलाइन मीटिंग ठेवा, शास्त्रज्ञ नसले तरी चालतील.

खरेदीचं सांगायचं तर जून २०२५ मध्ये संशोधनाच्या सामानासाठी नियम जरा सैल झालेत, केंद्राच्या नियमात थेट खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली. राज्य विद्यापीठाचे स्वतःचे खरेदी नियम असतात, त्यांनी ते बदलले का हे बघा.

ग्रँटवर जीएसटी लागतो का?

कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन ग्रँटवर नाही, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलने ते मोकळं केलं. सामान घेताना लागतो तो लागतोच, कोटेशन करासकट घ्या.

पेपरवर नावं कुणाची?

आधी ठरवा, लिहून. पेशंट देणाऱ्या डॉक्टरचं नाव मधे कुठेतरी आणि मोजणाऱ्या फिजिओचं आभारात, हे थांबलं पाहिजे. ज्याने तीन वर्षं मोजलं तो लेखक आहे.

पेशंटच्या संघटनांना घ्यायचं का?

घ्यायचंच, आणि प्रपोजल लिहिण्याच्या आधी. बंगळुरूची डार्ट ही पालकांनी उभी केलेली संस्था आज आयआयटी जोधपूर आणि एम्स जोधपूरबरोबर डीएमडीच्या औषधावर काम करतेय. हिमाचलमध्ये सोलनला इंडियन असोसिएशन ऑफ मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, ती पेशंटच चालवतात. त्यांना विचारलंत तर तुमचा प्रश्नच बदलेल, तुम्ही चालण्याचे मीटर मोजायला निघालेले असाल आणि ते सांगतील की हात तोंडापर्यंत स्वतःचा स्वतः जातोय का ते मोजा, कारण चालणं तर दहा-बारा वर्षांच्या आसपास थांबतंच, घास स्वतः खाता येणं त्यानंतर कितीतरी वर्षं महत्त्वाचं असतं.

माझ्या मुलाला डीएमडी आहे. या ग्रँटमधून त्याला उपचार मिळतील का?

ताई, दादा, सरळ सांगते. रिसर्चच्या ग्रँटमधून उपचार मिळत नाहीत. अभ्यासात भाग घेतलात तर त्यातल्या तपासण्या फुकट होतात, प्रवासखर्च मिळायला हवा, आणि मनात आलं तर कधीही बाहेर पडता येतं, त्याने तुमच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. कुणी अभ्यासाच्या नावाखाली पैसे मागितले तर थांबा आणि फॉर्मवर एथिक्स कमिटीचा नंबर असतो तिथे फोन करा. स्टेम सेलच्या जाहिरातींना तर अजिबात पैसे देऊ नका.

उपचारासाठी वेगळा रस्ता आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात डीएमडी आहे, मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवली, पण ती सेंटर ऑफ एक्सलन्समार्फतच मिळते आणि कुठल्या केसला काय मिळेल ते तिथली समिती ठरवते. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम हे असं सेंटर आहे. जाताना जेनेटिक रिपोर्टची मूळ प्रत न्या, त्यात कुठला एक्सॉन (जीनचा तुकडा) गेलाय ते लिहिलेलं असतं, या जीनमध्ये ७९ एक्सॉन आहेत आणि नवीन औषधांपैकी काही ठराविक एक्सॉनलाच चालतात, त्यामुळे ती एक ओळ फार महत्त्वाची. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, शाळेतल्या सवलतींसाठी ते लागतं. आणि जवळच्या फिजिओकडे स्ट्रेचिंग आजपासून सुरू करा, त्याला कुठल्याही ग्रँटची वाट बघायची गरज नाही.